चाऱ्याचा दुष्काळ आणि पाण्याचा हिशेब

अवर्षणप्रवण भागात दुष्काळाची पहिली झळ माणसांआधी गुरांना लागते. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही वर्षी शासनाला चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी हा तातडीचा उपाय खरा. तथापि बऱ्या पावसाच्या वर्षी माळावर गवत न राखल्याची किंमतच आपण दुष्काळात मोजत असतो.

संकरित नेपिअर गवत भरपूर चारा देते, परंतु त्याला बारमाही पाणी लागते. माण-खटावसारख्या तालुक्यांत विहिरीचे पाणी असे खर्चणे परवडणारे नाही. याउलट अंजन, मारवेल, पवना ही गवते पावसावर तग धरतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख लिटर. प्रश्न पाणी आणण्याचा नसून पडलेले अडवण्याचा आहे.

त्याची रीत खर्चिक नाही. उतारास आडवे समतल चर खणावेत आणि चरांच्या भरावावर व मधल्या पट्ट्यांत गवत लावावे. पाऊस सुरू होऊन जमीन चांगली ओलावल्यावर मुळ्या असलेले ठोंब लावावेत. अंजनाचे बी हलके. ते वाऱ्याने उडते आणि खोल गेल्यास उगवत नाही. म्हणून ओलसर मातीत मिसळून ते सेंटिमीटरभरच खोल पेरावे. पहिल्या वर्षी जनावरे आत सोडू नयेत. पुढे फुलोऱ्यात, बुंधा राखून कापणी केल्यास चारा सकस मिळतो आणि ठोंब पुन्हा फुटतो.

मग हे सर्वत्र का घडत नाही? अडचण तंत्राची नाही, अर्थकारणाची आहे. गायरान सर्वांचे, म्हणून त्याची राखण कोणाचीच नाही. जो आपले जनावर आवरतो, त्याच्या वाट्याचे गवत शेजाऱ्याची गुरे खातात. हिवरे बाजारने चराईबंदी पाळून ही कोंडी फोडली. परंतु बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बांधावर हिरवा चारा असलेला बागायतदार वर्षभर सहज थांबू शकतो. दोन शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीनाने काय करावे? त्याने रात्री शेळ्या आत घातल्या, तर दोष त्याचा की योजनेचा?

म्हणूनच गायरानाचा एकेक भाग आळीपाळीने बंद करावा, चर खणण्याची मजुरी भूमिहीनांना मिळावी आणि गवत कापून नेण्याचा पहिला हक्कही त्यांचाच असावा. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या राज्याला हे अवघड नाही. ज्यांच्या त्यागावर कुरण उभे राहते, त्यांना त्यात वाटा नसेल, तर ते कुरण फार काळ टिकणार नाही.