तिळाएवढी चूक

आमच्या बदलापूरला मुलीला भरतनाट्यमला घातलं की शेजारणी कौतुक करतात. मी लेकीला पिस्तूल नेमबाजीला घातलं, तर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्यांचंही खोटं नव्हतं. २ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला होता. "आणि तुम्ही पोरीच्या हातात पिस्तूल देताय?"

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यामुळे असल्या गोष्टींचा मी बाऊ केला नाही. शिवाय सुरुवात एअर पिस्तूलची. अंतर १० मीटर, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. लेकीला ते जमू लागलं आणि आम्ही हवेत!

मग सरांनी तिला वरळीच्या रेंजवर २५ मीटरला नेलं. पॉइंट टू टूचं पिस्तूल. इथे दहाचं वर्तुळ चांगलं पाणीपुरीच्या पुरीएवढं, पाच सेंटिमीटरचं. तरी गोळ्या कुठल्या कुठे! काही तर कागदाबाहेरच. दादरपासून उल्हासनगरपर्यंत पोरगी लोकलमध्ये रडत होती. "आई, मला नाही यायचं परत." यांनी घरी आल्यावर खर्चाची वही काढली. (ती वही नेमकी अशाच वेळी बरी सापडते!)

मी सरांना गाठलं. म्हटलं, सरळ सांगा, पोरीत दम नाही का? त्यांनी वहीच्या पानावर दोन रेषा काढल्या. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकावर एक पट्टी. दोन्ही जुळवून नेम धरायचा. त्या दोघींत अंतर जेमतेम २२ सेंटिमीटर. चाप ओढताना मनगट झुकलं आणि टोक एक मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या जाडीएवढं, सरकलं, तर १० मीटरवर गोळी साडेचार सेंटिमीटर चुकते. २५ मीटरवर अकरा. दहाचे सहा झाले. ५० मीटरवर जवळजवळ तेवीस! रायफलला हेच अंतर कितीतरी जास्त, शिवाय ती खांद्याला टेकते. पोलिसांच्या कमरेचं पिस्तूल तर याहून आखूड.

म्हणजे सिनेमातला हिरो पळता पळता गच्चीवरच्या गुंडाला एका गोळीत लोळवतो, ते सगळं खोटंच की हो! बरं, नेम लागत नाही म्हणून लांबची गोळी निरुपद्रवी असंही नाही. पिस्तुलाची गोळी किलोमीटरभर लांब जाऊनही जीव घेऊ शकते. हे ऐकल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला. रेंजवर नळी कायम समोरच का, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर का, ते तेव्हा कळलं.

सर म्हणाले, हात थोडा हललेला चालतो. अख्खा हात सेंटिमीटरभर सरकला तर गोळीही सेंटिमीटरभरच सरकते. घात करतं ते वाकडं होणं. म्हणून नजर त्या पुढच्या पट्टीवर हवी, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. लेक नेमकी उलट करत होती. लांबचं नीट दिसावं म्हणून लक्ष्याकडे डोळे फाडून बघत होती.

मी तिला कोल्हापूरच्या राही सरनोबतची गोष्ट सांगितली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत, याच २५ मीटर पिस्तूलमध्ये, सुवर्णपदकासाठी दोनदा टायब्रेक झाला. दुसऱ्यात राहीच्या पाचपैकी दोन हुकल्या, समोरच्या थायलंडच्या मुलीच्या तीन. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. "दोन हुकल्या?" लेकीने परत विचारलं. मग गप्प बसली, पण रविवारी पहाटे स्वतःच उठली.

आता रोज संध्याकाळी ती पाण्याची बाटली हात लांब करून धरून उभी असते. यांनी वही ठेवून दिली आहे, निदान परीक्षेपर्यंत. मागच्या रविवारी तीस गोळ्यांत एकही कागदाबाहेर गेली नाही. घरात पाऊल टाकायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "सहाच्या बाहेर किती गेल्या गं?"