खसखस: पिकते कुठे, लागते कशाला?

मराठीत खसखस पिकते ती हशाची! खरी खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. अफूच्या लागवडीला केंद्राचा परवाना लागतो आणि तो मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच मिळतो. म्हणून महाराष्ट्रातल्या अहमदपूरच्या किराणा दुकानातली खसखसही बाहेरूनच येते. नशा असते ती बोंडाच्या चिकात; बियांत ती जवळपास नसतेच.

अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचे वाण देतात. अनारसा खसखशीवर थापावा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात तळावा; उलटू नये, वरून झाऱ्याने तूप उडवावे. उलटला तर खसखस सुटून करपते.

मसाल्यासाठी खसखस कोरडीच, मंद आचेवर भाजावी. तडतडली की उतरवावी. रश्श्यासाठी वाटताना आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, म्हणजे वाटण मऊ होते आणि रस्सा दाट.

या बियांत जवळपास निम्मे तेलच असते, त्यामुळे त्या लवकर खवट होतात. थोडीच आणावी, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. आणि आखाती देशांत जाणाऱ्यांनी सामानात खसखस मुळीच नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांत मोडते.