अनुदान कसणाऱ्यापर्यंत पोहोचावं
अमेरिकेत 2014 च्या कृषी कायद्याने दरवर्षीची ठरलेली थेट रक्कम बंद केली. त्याऐवजी भाव किंवा काउंटीतलं एकरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेलं, तर मका, गहू, सोयाबीन अशा पिकांसाठी भरपाई मिळू लागली. मात्र ती बहुतांशी जमिनीच्या जुन्या पीकनोंदीवर मोजली जाते. यंदा शेतात तेच पीक हवं असं नाही. म्हणजे ज्याचे नोंदीतले एकर जास्त, त्याला पैसा जास्त. शिवाय जमीनमालक खंड वाढवून कसणाऱ्याच्या मदतीतला वाटा काढून घेऊ शकतो.

आधार नसेल तर भाव कोसळताच लहान शेतकरी आधी बुडेल, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून मदतीची गरज सिद्ध होते, जुन्या नोंदींवरच्या वाटपाची नव्हे. मदत हवीच, मात्र ती कसणाऱ्याच्या प्रत्यक्ष नुकसानीशी बांधलेली हवी.