शाळा घरात येते तेव्हा



आम्ही मुंबईत गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका चाळीत राहणाऱ्या सहा जणी. कुणाचं माहेर कोकणात, कुणाचं सासर, त्यामुळे गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही गावी असतोच. मागच्या खेपेला गावच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पावसामुळे शाळेला सुट्टी पडली की गुरुजी फोनवर अभ्यास पाठवतात. माझं मूल पहिलीत आहे. मी सातवी शिकलेली, मी काय शिकवणार?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हीही चुकतमाकत शिकलो. तेच आज सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत लहान वर्गांसाठी त्या उघडल्या १५ डिसेंबर २०२१ रोजी. पावणेदोन वर्षं पहिली-दुसरीची मुलं घरात होती. आमच्या खोल्या दहा बाय बाराच्या. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच आजारी माणूस. घरात फोन एकच आणि तोही बहुतेक वेळा घरधन्याबरोबर कामावर. सकाळी नळाला पाणी यायची आणि फोनवर वर्ग सुरू व्हायची वेळ एकच. एका हातात हंडा, दुसऱ्या हातात फोन, अशी आमची गत.

तेव्हा आम्ही काय केलं? मुलाची हनुवटी धरून त्याला फोनसमोर बसवलं. बाईंनी प्रश्न विचारला की मागून हळूच उत्तर सांगितलं. गृहपाठ पूर्ण होईना, तेव्हा मुलाच्या हातावर हात ठेवून आम्हीच लिहिला. फोटो पाठवला की बाई 'छान' म्हणायच्या, आम्हालाही बरं वाटायचं.

आमच्यातल्या एकीची मुलगी या काळात पहिलीतून दुसरीत गेली. वही सुंदर, हजेरी पूर्ण. शाळा उघडली तेव्हा बाईंनी तिला पुस्तक वाचायला दिलं. तिने पान धरलं आणि गप्प उभी राहिली. तिला फोनचा आवाज बंद-चालू करता येत होता, पण 'कमळ' वाचता येत नव्हतं. तिची आई त्या रात्री गॅलरीत बसून रडली. म्हणाली, "वही तिची, पण अभ्यास माझा झाला."

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. पूर्वी त्या बालवाडीत शिकवायच्या. त्यांनी आम्हाला ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. गरिबांची मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून या दोघी मुलांच्या वस्तीत गेल्या आणि अंगणातच शाळा भरवू लागल्या. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्या कल्पनेची मुळं तिथली. पुढे कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. महागडी साधनं त्यांनी आणली नाहीत. खडे, बिया, पानं, शंख-शिंपले यांवरच मुलं मोजायला आणि ओळखायला शिकली.

आजी म्हणाल्या, "फोन हा निरोप आणणारा आहे. निरोप्याला गुरू समजू नका. मूल शिकतं ते तुमच्या बोलण्यातून आणि स्वतःच्या हातांनी."

आणि आपल्या शिक्षणाची लाज तर मुळीच नको. 'असर' या पाहणीत सप्टेंबर २०२० मध्ये देशभरातल्या खेड्यांतल्या घरी फोन करून विचारलं होतं. चार मुलांपैकी साधारण तिघांना घरचं कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत होतं. ज्या घरात आई-वडील दोघंही जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेले, तिथेही निम्म्याहून जास्त मुलांना घरातून मदत मिळत होती. कुठे मोठी बहीण, कुठे आई, कुठे काका.

आता रोज काय करायचं ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. लहान मूल तासभर एका जागी बसत नाही, तो त्याचा दोष नव्हे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या. त्यात बालवाडीसाठी दिवसाला ३० मिनिटांहून जास्त नको असं सांगितलं होतं, आणि तीही मुलाला फोनसमोर बसवण्यासाठी नव्हे, तर पालकांशी बोलण्यासाठी होती. जागतिक आरोग्य संघटनाही दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको म्हणते, त्याहून कमी असेल तर उत्तम. म्हणून फोनवरचा अभ्यास पंधरा-वीस मिनिटं पुरे. फोन मुलाच्या हातात न देता डब्याला टेकवून हातभर लांब ठेवा. अभ्यास संपला की फोन परत घ्या. पैशांचे व्यवहार त्याच फोनवर होतात, मुलाचं बोट कुठेही पडतं.

दुसरी गोष्ट बोलण्याची. धडा ऐकून झाला की "कळलं का?" असं विचारू नका. मूल 'हो' म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी म्हणा, "बाईंनी काय सांगितलं ते मला सांग, मी भाकरी थापत होते, मला ऐकू आलं नाही." मूल सांगू लागलं की त्याला काय कळलं आणि कुठे अडलं ते आपोआप दिसतं. ते घरच्या बोलीत बोललं, मालवणीत किंवा अहिराणीत, तरी थांबवू नका. मुलाला आधी घरच्या भाषेत समजतं, पुस्तकातला शब्द नंतर जोडता येतो.

तिसरी गोष्ट मोजण्याची. पाटीवर शंभरपर्यंत आकडे लिहिणारं मूल तेवीस चिंचोके मोजून देईलच असं नाही. म्हणून आधी वस्तू आणि मग आकडा. दहा काड्यांची एक जुडी बांधा. दोन जुड्या आणि सुट्या तीन काड्या म्हणजे तेवीस. दशक आणि एकक इथेच समजतं. सागरगोटे खेळताना विचारा, "पाचातले दोन वर उडाले, खाली किती राहिले?" दारापासून नळापर्यंत किती पावलं, उंबरा किती वीत, हेही गणितच.

चौथी गोष्ट अक्षरांची. पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते. मुलाला कणकेचा गोळा मळू द्या, शेंगा सोलू द्या, ठिपक्यांची रांगोळी काढू द्या. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरून बोटाने अक्षर गिरवू द्या, चुकलं तर ताट हलवलं की पुसलं जातं. वाचायला पुस्तकच हवं असं नाही. चहाचा पुडा, मिठाची पिशवी, एसटीची पाटी, रेशनकार्डावरचं आजीचं नाव, सगळीकडे अक्षरं आहेत. "यात तुझ्या नावातलं अक्षर शोध" म्हणा, मूल रमतं.

पाचवी गोष्ट चुकू देण्याची, आणि आम्हाला सर्वांत जड गेली तीच. मुलाचा गृहपाठ तुम्ही लिहू नका. अर्धाच झाला तर अर्ध्याचाच फोटो पाठवा आणि खाली आवाजात निरोप ठेवा, "इथपर्यंत जमलं, पुढे अडलंय." नीटनेटक्या वहीवरून शिक्षकांना खरी अडचण कळत नाही. वाकड्या अक्षरांवरून कळते.

फोनच नसेल तर? तेव्हाही वाटा निघाल्या होत्या. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागायची. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' ऐकू यायची. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंती रंगवून त्यावर धडे लिहिले. आमच्या चाळीत आम्ही गॅलरी वाटून घेतली. ज्या घरी त्या वेळी फोन असेल त्या घरची बाई धडा ऐकायची आणि संध्याकाळी चार-पाच मुलांना अंतर ठेवून बसवायची. सोमवारी एकीची पाळी, मंगळवारी दुसरीची. 'कमळ' न वाचता आलेली मुलगीही शाळा उघडल्यावर संध्याकाळी याच गॅलरीत चहाचे पुडे वाचत बसायची. दिवाळीपर्यंत ती धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवू लागली.

एक बोलायलाच हवं. घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील तर फोन आधी कुणाच्या हातात जातो आणि त्या वेळी भांडी कोण घासत असतं? आमच्या घरीही मुलीलाच उठवलं जायचं. आता आम्ही भिंतीवर वेळ लिहून ठेवली आहे, तिची वेळ तिचीच.

शाळेला शाळाच लागते, मैत्रिणींनो. सोबती, मैदान, शिक्षकांचा हात हे घरात मिळत नाही, आणि शाळा सुरू असताना मूल घरी ठेवूही नये. पण अतिवृष्टी होते, ओढ्याला पाणी येतं, कुणी ऊसतोडीला बाहेर जातं, मूल आजारी पडतं. त्या दिवसांत शिकणं पूर्ण तुटू नये, एवढं तर आपण करू शकतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या मुलाला दहा काड्यांच्या जुड्या बांधायला लावा. काय घडलं ते एकमेकींना सांगा. आपल्या गटात आठवड्याचे सहा दिवस सहा जणी वाटून घेऊ शकतात का, तेही त्याच दिवशी ठरवा. बचतीच्या वहीत त्यासाठी एक पान ठेवा.