खिळे व स्क्रू यांचा पहिला पाठ

सुतारकामाच्या पहिल्या काही तासांत मुलांच्या हातून फळी तडकते आणि पुष्कळांचा उत्साह तेथेच मावळतो. हा दोष बहुधा हाताचा नसून लाकडाच्या रेषा न पाहण्याचा असतो. खिळ्याचे अणकुचीदार टोक पाचरीप्रमाणे रेषांमध्ये शिरून त्यांना फाकविते. म्हणून ठोकण्यापूर्वी ते टोक हातोडीने हलकेच बोथट करावे; मग ते रेषा चिरडीत आत जाते व फळी सहसा फुटत नाही. मुलांना हे विपरीत वाटते. तेव्हा शिक्षकांनी टाकाऊ तुकड्याच्या कडेजवळ दोन्ही तऱ्हेचे खिळे ठोकवून प्रत्यक्षच दाखवावे. एकाच रेषेवर जवळजवळ दोन खिळे मात्र ठोकू देऊ नयेत.

खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावी. लहान खिळा धरण्यास बोटांऐवजी पुठ्ठ्याची चीर बरी.

स्क्रू हातोडीने ठोकणे ही तर वाईट खोड होय. खिळा घर्षणाने धरतो, स्क्रू आट्यांनी. ठोकल्यास आट्यांनी धरावयाचे लाकूडच फाटते. गिरमिटाने वरच्या फळीस स्क्रूच्या दांड्याइतके मोकळे भोक पाडावे, खालच्या लाकडास त्याहून बारीक. वरचे भोक तंग असल्यास दोन्ही फळ्यांमध्ये फट राहते, आणि स्क्रू कितीही पिळला तरी ती मिटत नाही. स्क्रू जड जात असेल तर आट्यांना मेण चोळावे. साबण हाताशी असतो खरा, परंतु तो ओल धरतो व लोखंड गंजते.