जुनी पिकअप विकताना : आधी कागद, मग रंग

आपल्या समाजात गॅरेज, डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंग आणि सीट बनविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी अनेक घराणी आहेत. यांपैकी काही कारागीर अलीकडे भंगारात निघालेली जुनी पिकअप घेऊन ती नव्याने उभी करतात. दोन-दोन वर्षे फुरसतीच्या वेळी मेहनत होते, घरातले पैसे त्यात जातात, आणि गाडी अशी सजते की रस्त्यावरचा माणूस वळून पाहतो. मात्र विकायची वेळ आली की सौदा फिसकटतो किंवा मातीमोल भावाने गाडी द्यावी लागते. याचे कारण बहुधा कामातले नसते, कागदातले असते.

जुन्या गाड्या येथे आल्या कुठून?

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. तो १९५४ मध्ये बंद झाला. शेव्हरलेच्या गाड्या येथेच जोडल्या जात. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून डॉज आणि फारगोच्या मालवाहू गाड्या निघाल्या. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. आज ज्या जुन्या पिकअप सापडतात त्यांपैकी बऱ्याच या तीन घराण्यांतल्या आहेत.

१९४७ ते १९५३ या काळातील शेव्हरलेची अर्ध्या टनाची पिकअप उदाहरणादाखल घेऊ. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे, २१६ घनइंचांचे. वीज सहा व्होल्टची. मागच्या हौद्याला लाकडी फळ्या आणि त्यांच्या मधोमध लोखंडी पट्ट्या. म्हणजे मिस्त्री, वायरमन, सुतार, टिनवाला आणि पेंटर अशा पाच जणांचा हात लागल्याशिवाय ही गाडी पूर्ण होत नाही.

भाव कशावर ठरतो?

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की, झालेला खर्च म्हणजे भाव नव्हे. समजा, गाडी दीड लाखाला घेतली आणि काम पाच लाखांचे झाले. म्हणून ग्राहक साडेसहा लाख देईलच असे नाही. शौकीन ग्राहक तीन गोष्टी पाहतो : गाडीत मूळचे किती शिल्लक आहे, काम कसे झाले आहे आणि कागद साफ आहेत की नाही.

जाणता ग्राहक पत्र्यावर लोहचुंबक फिरवून पाहतो. पुट्टीचा थर जाड असेल तेथे चुंबक धरत नाही. तो इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायला सांगतो. म्हणून त्याच्या येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नये. त्याने शंका वाढते.

चालविण्याच्या सोयीसाठी पुष्कळ जण सहा व्होल्ट काढून बारा व्होल्टची वायरिंग करतात. त्यात गैर काही नाही, पण ते ग्राहकाला सांगितले पाहिजे. काढलेला डायनॅमो, जुने मीटर, जुने हँडल भंगारात देऊ नये. एका पेटीत भरून गाडीबरोबर द्यावे. त्या पेटीची किंमत शौकिनाला कळते.

ऐब सांगावा की झाकावा?

ऐब झाकून माल विकू नये, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. कायदाही तेच म्हणतो. १८७२ च्या करार कायद्यात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपविणे हा फसवणुकीचा प्रकार मानला आहे. म्हणून एका कागदाच्या डाव्या बाजूला मूळचे भाग आणि उजव्या बाजूला बदललेले भाग लिहावेत. काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो, मधले फोटो आणि सुट्या भागांच्या पावत्या सोबत जोडाव्यात. हा कागद दाखवून विकलेल्या गाडीबद्दल पुढे तंटा होण्याचे कारण उरत नाही.

कागदपत्रांचे काम

१) आर.सी. बुकावरील इंजिन व चेसिस नंबर गाडीवरील नंबरांशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आर.टी.ओ. कडे आधी करावी. चेसिस नंबर घासणे किंवा परवानगीशिवाय नव्याने ठोकणे हा गुन्ह्याचा मामला होतो. पेंटरला तशी ताकीद द्यावी.

२) गाडी मयत मालकाच्या नावावर असेल तर प्रथम वारसाच्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी फॉर्म ३१ आहे.

३) नोंदणीची मुदत पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागते.

४) 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची गाडी, असा त्यांचा रोख आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. पिकअपचे घोडे येथेच अडते, कारण तिच्या आर.सी. बुकात बहुधा 'मालवाहू' असे लिहिलेले असते. तेव्हा आर.टी.ओ. मध्ये विचारल्याशिवाय ग्राहकाला व्हिंटेज नोंदणीचा शब्द देऊ नये.

पैसे आणि ताबा

बयाणा घेताना साध्या कागदावर का होईना, रक्कम, तारीख आणि उरलेले पैसे देण्याची मुदत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. ती बँकेतूनच घ्यावी. जी.एस.टी. नंबर असलेल्या व्यापाऱ्याने जुन्या गाडीवरील कराबद्दल आपल्या सल्लागाराला आधी विचारावे.

सर्वांत मोठी चूक मात्र शेवटी होते. पैसे मिळाले, चावी दिली, हात मिळविला, आणि नाव बदलायचे राहून गेले. 'भाई, करून घेतो' असे ग्राहक म्हणतो आणि वर्ष निघून जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याने मालक. याचा अर्थ, विकलेल्या गाडीने उद्या कुणाला उडविले तर भरपाईची नोटीस तुमच्या दारी येऊ शकते. ग्राहक त्याच राज्यातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ द्यायचा असतो. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत फॉर्म ३० द्यायचा असतो. दोन्ही फॉर्म चावी देण्यापूर्वीच भरून घ्यावेत आणि ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. विमा नव्या मालकाच्या नावे करण्याचीही त्याच वेळी आठवण द्यावी.

दोन वर्षांची मेहनत दोन कागदांसाठी वाया जाऊ देऊ नये. पुढची जुनी गाडी घेताना पान्याला हात लावण्याआधी आर.सी. बुक उघडून पाहावे.