निकाली निघालेली शंका

आज ज्या विषयावर मी आपल्याशी बोलणार आहे, तो चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे असे आपल्याकडे मानले जाते. आणि चारचौघांत काढता येत नाही, म्हणूनच तो एकान्तात माणसाला पोखरत राहतो. मी वैद्य नाही. सरकारी कचेरीत बसून कागदांवर टिपणी लिहिणे हा माझा व्यवसाय. परंतु एका तरुण सहकाऱ्याच्या निमित्ताने या विषयाशी माझी गाठ पडली. जाणकारांना विचारून आणि वाचून मला जे समजले, ते आपल्यापुढे ठेवावे, कोणा एकाची तरी रात्रीची झोप त्याला परत मिळावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

२०१९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या दिल्लीच्या कचेरीत विदर्भातील एक तरुण नुकताच कायम झाला होता. हुशार, नेमस्त, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा. एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला आणि खिशातून राजीनाम्याचा कागद काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. कारण विचारले, तर बराच वेळ तो बोलेना. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मला एड्स झाला आहे."

मी क्षणभर गप्प झालो. मग विचारले, "तपासणीत तसे निघाले का?"

"नाही साहेब. सात वेळा तपासले. सातही वेळा नाही असेच आले."

श्रोतेहो, त्या एका उत्तरात या विषयाचे सारे मर्म साठवलेले आहे. ज्याला रोग झाल्याचे निघाले, त्याच्यासाठी आज औषध आहे. ज्याला रोग नाही हे सातदा सिद्ध होऊनही पटत नाही, त्याने कोणाकडे जावे?

घडले होते ते एवढेच. वर्षापूर्वी मित्रांबरोबर परगावी गेला असता एका स्त्रीशी त्याचा एकदाच संबंध आला होता. निरोध वापरलेला होता आणि तो फाटला नव्हता. परंतु चुंबन घेतले होते, आणि आपल्या बोटाला एक बारीकशी चीर होती असे त्याला मागाहून आठवू लागले. त्या चिरेने त्याचे वर्ष खाल्ले. घरी आईने मुली पाहण्यास आरंभ केला होता. चांगली दोन स्थळे त्याने काही कारण न देता परतवली. रोज वजन करावे, रोज आरशात जीभ पाहावी, मानेच्या गाठी चाचपाव्यात आणि रात्री पुन्हा पुन्हा तो एक तास आठवून पाहावा, असा त्याचा क्रम झाला होता.

अशा माणसाला 'उगीच घाबरू नका' एवढे सांगून भागत नाही. भयाला उत्तर द्यायचे तर आधी वस्तुस्थिती मांडली पाहिजे. म्हणून प्रथम तीच पाहू.

एच. आय. व्ही. हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांतूनच दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आणि तेही हा द्रव दुसऱ्याच्या रक्तात किंवा योनी, गुदमार्ग यांसारख्या आतल्या नाजूक अस्तरावर पोहोचला तरच. शरीराबाहेर त्याचे सामर्थ्य फार लवकर संपते. लाळ, घाम आणि अश्रू यांतून तो पसरत नाही. हस्तांदोलन, आलिंगन, एका ताटात जेवणे, एकच शौचकूप वापरणे किंवा डास चावणे यांपैकी कशानेही तो लागत नाही. साध्या चुंबनाने लागत नाही. मुखमैथुनाने लागण होण्याची शक्यता अत्यंत अल्प असते. अखंड राहिलेला निरोध या विषाणूला अडवतो.

आता आकडे पाहू. समोरची व्यक्ती बाधित आहे, ती उपचार घेत नाही आणि निरोधही वापरलेला नाही, अशी सर्वांत प्रतिकूल स्थिती धरली, तरी स्त्री-पुरुषांच्या एका योनिसंबंधातून लागण होण्याची शक्यता अभ्यासकांनी काढली आहे ती पुरुषाच्या बाबतीत दहा हजारांत सुमारे ४ आणि स्त्रीच्या बाबतीत सुमारे ८. गुदसंबंधात मात्र ग्रहण करणाऱ्या व्यक्तीला हीच शक्यता दहा हजारांत १३८ इतकी येते. दुसरा एखादा गुप्तरोग अंगात असेल तर धोका वाढतो. हे आकडे निष्काळजीपणाला परवाना म्हणून मी सांगत नाही. निरोधावाचून आलेल्या संबंधानंतर तपासणी केलीच पाहिजे. परंतु निरोधाविना ज्याची शक्यता दहा हजारांत चार, तो धोका निरोध वापरल्यावर आणि समोरची व्यक्ती बाधित असल्याचा काही पुरावा नसताना किती उरतो, याचा विचार शांतपणे करावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. यात दोन मुदती ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. धोका खरोखरच घडला असेल, म्हणजे निरोध फाटला, बळजबरी झाली किंवा वापरलेली सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोहोचावे. त्या अवधीत सुरू करून २८ दिवस घेतलेल्या औषधांनी लागण टाळता येते, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके उत्तम. तेथे विचार करीत बसणे हीच चूक ठरते. दुसरी मुदत तपासणीची. विषाणू शिरला तरी रक्तात त्याची खूण उमटण्यास काही काळ जावा लागतो. प्रयोगशाळेतील आधुनिक तपासणीला ती खूण १८ ते ४५ दिवसांत सापडते; नुसत्या प्रतिद्रव्यांच्या तपासणीस २३ ते ९० दिवस लागतात. म्हणून तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेल्या तपासणीत 'नाही' आले, आणि मधल्या काळात नवा धोका घडलेला नसला, तर तो निकाल अंतिम समजावा. ज्याने प्रतिबंधक औषधे घेतली असतील, त्याने मात्र मुदत डॉक्टरांना विचारावी.

माझ्या सहकाऱ्याने पहिली तपासणी चौथ्या दिवशीच केली होती. तिला काही अर्थ नव्हता. दुसरी सहाव्या आठवड्यात केली. तिने पुष्कळसा दिलासा दिला. तिसरी तीन महिने उलटल्यावर केली आणि तेथे प्रकरण संपले. उरलेल्या चार तपासण्या रक्ताच्या नव्हत्याच. त्या त्याच्या मनाच्या होत्या.

"पण साहेब, मला घसादुखी झाली, ताप आला, त्याचे काय?" त्याचा हा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. नव्या लागणीनंतर दोन-चार आठवड्यांत कित्येकांना ताप, घसादुखी व पुरळ येते हे खरे. परंतु ताप व घसादुखी साध्या फ्लूमध्येही होते. लक्षणांवरून या रोगाचे निदान होत नाही, ते तपासणीनेच होते. उलट, तोंड कोरडे पडणे, छाती धडधडणे, घाम फुटणे, पोट बिघडणे आणि अन्नावरची वासना उडून वजन घटणे ही लक्षणे निव्वळ काळजीने उत्पन्न होतात. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. भय शरीराला कष्टवते, आणि त्या कष्टांकडे बोट दाखवून भयच म्हणते, 'पाहा, मी खोटे बोलत नव्हतो!'

येथून पुढे प्रश्न विषाणूचा राहत नाही. अंधारात दोरी पाहून साप समजलेल्या माणसाचा दृष्टान्त आपण ऐकलेला आहे. दिवा आणला की साप नाहीसा होतो, असे त्यात सांगितलेले असते. परंतु काही मनांची घडण अशी असते की, दिवा आणून दोरी दाखवली तरी ती म्हणतात, 'आता दोरी दिसते खरी; पण मघाशी साप असेल आणि निघून गेला असेल!' अशा मनाला हवा असतो तो पुरावा नव्हे, तर शंभर टक्के खात्री. आणि अशी खात्री या जगात कशाचीच मिळत नाही. कुलूप लावून चार वेळा ओढून पाहणारा, हात पुन्हा पुन्हा धुणारा माणूस आपण पाहिलेला असतो. त्याला आपण मंत्रचळ म्हणतो. वारंवार तपासणी करण्याचा प्रकारही पुष्कळदा त्याच जातीचा असतो. प्रत्येक 'नाही'ने दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी नवी शंका उगवते, आणि दिलाशाची चटक लागलेले मन पुन्हा प्रयोगशाळेचा रस्ता धरते. तपासणीने शंका भागत नाही, पोसली जाते.

आणि ही शंका नेमक्या याच रोगाच्या रूपाने का येते? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर पापभावनेत आहे. तो तरुण त्या रात्री अखेरीस म्हणाला, "आईला कळले तर काय वाटेल, हेच डोक्यात फिरते साहेब." आपण केले ते आपल्यालाच रुचले नव्हते, आणि 'चूक केली' यातून 'म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे' हा निष्कर्ष मनाने परस्पर काढला होता. परंतु विषाणूला नीती-अनीती कळत नाही. तो कोणाच्या पापाचा हिशेब ठेवीत नाही. पश्चात्ताप वाटत असेल तर त्याचे उत्तर वर्तनात शोधावे. ते रक्ताच्या बाटलीत सापडणार नाही.

या भयामागे जुनी स्मृतीही आहे. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली, १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला, आणि १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी भारतातील पहिले बाधित उजेडात आणले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये वाढलेल्या मराठी कन्या. १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने केंद्र काढले आणि ज्यांना कोणी शिवत नसे अशा रुग्णांची सेवा केली. त्या काळी या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूची वार्ता होती, आणि ती धास्ती आपल्या मनातून अद्याप गेलेली नाही. वस्तुस्थिती मात्र पालटली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. वेळेवर उपचार सुरू करून ते नियमित घेणारा रुग्ण आज जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतो. औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे गेला आहे, त्याच्यापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. २०२३ च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे पंचवीस लाख लोक हा विषाणू घेऊन जगत आहेत. ते नोकरी करतात, संसार करतात, मुले वाढवतात. 'असे होण्यापेक्षा मेलेले बरे' असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत या पंचवीस लाखांचा अपमान करीत असतो.

मी त्या तरुणाला कचेरीच्या भाषेतच सांगितले. एखादे प्रकरण पूर्ण पुराव्यानिशी निकाली निघाले की आपण ते दप्तरी दाखल करतो. नवा पुरावा आल्यावाचून ते पुन्हा उघडीत नाही. जुन्याच कागदांवर रोज नवी टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणू? तो प्रथमच किंचित हसला. परंतु माझ्या हसवण्याने तो बरा झाला, असे मी म्हणणार नाही. त्याचा राजीनामा मी टेबलाच्या खणात ठेवला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच्याबरोबर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. शंका आली तरी तपासायला जायचे नाही, वजन करायचे नाही, कोणाला पुन्हा विचारायचे नाही, ती अस्वस्थता तशीच सोसायची आणि ती आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवायचे, असा अभ्यास तेथे त्याला देण्यात आला. जोडीला काही महिने औषधही दिले. आरंभीचे आठवडे फार कठीण गेले. पुढे सहा-सात महिन्यांनी त्याने तो राजीनामा माझ्याकडून मागून घेतला आणि माझ्यासमोरच फाडला. शंका अजूनही अधूनमधून दारात येते, असे तो सांगतो; पण आता तो तिला आत बसायला पाट देत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी आज या काळजीत असेल, तर त्याने तीन गोष्टी कराव्यात. जवळच्या सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तेथे तपासणी विनामूल्य होते आणि तिच्या आधी व नंतर समुपदेशक आपल्याशी बोलतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे आपल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. घराबाहेर पडण्याचा धीर होत नसेल, तर १०९७ या क्रमांकावर विचारावे. आणि योग्य मुदतीनंतरचा निकाल 'नाही' येऊनही मन मानत नसेल, तर आठवी तपासणी करू नये. मनाच्या डॉक्टरांकडे जावे, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आणि आपल्या घरातला एखादा मुलगा विनाकारण स्थळे परतवू लागला, जेवेनासा झाला, आरशापुढे फार वेळ उभा राहू लागला, तर त्याला रागावण्यापूर्वी शेजारी बसून एकदा विचारा, "काय झाले आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्या घरी त्या संध्याकाळी ते उत्तर यायला अर्धा तास लागला होता. चहा दोनदा गरम करावा लागला.